रान आपलं, वरचं आभाळ कुणाचं? घिरट्या घालणारा ड्रोन पाडण्याबद्दल कायदा काय म्हणतो

हुरड्याचे दिवस आले की मंगळवेढा, मोहोळ, नान्नज या पट्ट्यात रानोरान पाहुणे उतरतात, आणि हल्ली त्यांच्याबरोबर ड्रोनही येतो. आगटी पेटलेली असते एका रानात, ड्रोन फिरून येतो शेजारच्या तीन रानांवरून. तिथे बायका हरभरा खुडत असतात, दावणीला खिलार जोडी असते, माळ्यावर पाखरं राखणारा गडी असतो आणि त्याच्या हातात गोफण असते. "आमच्या रानावर आला तर पाडू की ओ, त्यात काय!" हे पारावर हमखास ऐकू येतं. जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला गोफण नसते, पण गच्चीवरून वरातीचा ड्रोन तिसऱ्यांदा गेला की तिथलीही भाषा हीच होते.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. ड्रोन पाडू नका. तो उडवणारा चुकला असेल, तुमची तक्रार शंभर टक्के खरी असेल, तरी पाडणाऱ्यावर वेगळा गुन्हा दाखल होऊ शकतो. त्याचा गुन्हा आणि तुमचा गुन्हा यांची कायद्यात वजाबाकी होत नाही.

जमिनीचा मालक तो वरच्या आभाळाचाही मालक, ही समजूत काही खुळचट नाही. युरोपातल्या जुन्या कायद्यात तसं सूत्रच होतं: जमीन ज्याची, खाली पाताळापर्यंत आणि वर स्वर्गापर्यंत सगळं त्याचं. विमानं आली आणि ते सूत्र मोडलं. अमेरिकेत १९४६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कॉस्बी नावाच्या कोंबडीपालकाचा खटला आला. लष्करी विमानं त्याच्या जागेवरून अवघ्या ८३ फुटांवरून जायची, कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरायच्या, धंदा बसला. न्यायालय म्हणालं की स्वर्गापर्यंतच्या मालकीला आजच्या जगात जागा नाही. पण जमिनीच्या वापरासाठी लगतची जेवढी हवा लागते तेवढ्यावर मालकाचा हक्क आहे, आणि तिथे घुसून धंदा बुडवला तर भरपाई द्यावी लागेल. इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात एका कंपनीने विमानातून घराचे फोटो काढले म्हणून मालक कोर्टात गेला आणि हरला. सूत्र साधारण तेच निघालं: घर, झाड, तारा, पाण्याची टाकी, म्हणजे रोजच्या वापराला लागेल तेवढी उंची तुमची. त्यावरचं आभाळ सगळ्यांचं.

आपल्याकडे ही गोष्ट कायद्यातच लिहून ठेवली गेली. १९३४ च्या विमान कायद्याचं १७ वं कलम सांगायचं की वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी म्हणता येईल अशा उंचीवरून विमान नुसतं गेलं, तर तेवढ्यावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली, जुन्या बहुतेक तरतुदी सोबत घेऊनच. आता 'वाजवी उंची' हे शब्द नीट पाहा. होटगी रोडच्या विमानतळावर उतरणारं गोव्याचं विमान तुमच्या घरावरून जातं ते वाजवी. तुमच्या न्हाणीघराच्या झरोक्यासमोर थांबलेला ड्रोन वाजवी आहे असं कुठलाही वकील सरळ चेहऱ्याने म्हणू शकणार नाही. आणि 'नुसतं जाणं' वेगळं, डोक्यावर तळ ठोकून शूटिंग करणं वेगळं.

ड्रोन म्हणजे खेळणं, असं आपल्याला वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार तो पायलट आत न बसता उडणारं विमान आहे. वजनावरून त्याचे गट पाडलेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, मग मीडियम आणि लार्ज. लग्नातला कॅमेऱ्याचा ड्रोन बहुधा पहिल्या दोन गटांत मोडतो, फवारणीचा तिसऱ्यात. बाजारातले काही कॅमेरा-ड्रोन बरोबर २४९ ग्रॅमचे असतात, तो योगायोग नाही. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, तृतीय पक्ष विम्याची सक्तीही नाही. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवला तर प्रमाणपत्राची गरज नाही. पण पैसे घेऊन वरात शूट करणं ही हौस नव्हे, तिथे ते लागतं. शिवाय ड्रोनची सरकारी नोंदणी होऊन त्याला ओळख क्रमांक मिळतो. तुमच्या डोक्यावर ड्रोन थांबला असेल तर उडवणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: नंबर काय, प्रमाणपत्र कुठाय? या दोन प्रश्नांनी बऱ्याच जणांचा ड्रोन खाली येतो, दगडाची गरज पडत नाही.

समोरून एक ठरलेलं उत्तर येतं: "ग्रीन झोन आहे, परवानगी लागत नाही." हे अर्धं खरं आहे. देशाच्या आकाशाचा हिरवा, पिवळा, लाल असा नकाशा 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, त्यावर उडवायचं तर हवाई वाहतूक नियंत्रणाची मंजुरी हवी. अजून जवळ गेलं की बंधनं आणखी कडक होतात. सोलापूरकरांनी हे ध्यानात घ्यावं, कारण जून २०२५ पासून इथून गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि शहराचा बराच भाग या वर्तुळांत येतो. ज्या विमानतळापायी साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये जमीनदोस्त झालेली आपण पाहिली, त्याच विमानतळाच्या आसपास कुणी बिनदिक्कत ड्रोन सोडत असेल तर तो हलक्यात घ्यायचा विषय नाही. नकाशा बदलत असतो, म्हणून त्या-त्या दिवशीचा पाहायचा.

पण हिरवा झोन याचा अर्थ एवढाच की सरकारकडून पूर्वपरवानगी लागत नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या खासगीपणात डोकावायची मुभा त्यातून मिळत नाही. तुमच्या बांधावरून ड्रोन उडवायचा किंवा तुमच्या रानात उतरवायचा तर तुमची संमती लागतेच. दुसरीकडे, घरापासून अमुक इतक्या फुटांच्या आत येऊ नये अशी सरळ ओळ या नियमांत नाही, आणि माझ्या मते सगळ्या भांडणांचं मूळ तिथे आहे. ४०० फुटांचं छत ठरवलं, तळ ठरवलाच नाही. राहत्या घरावर किमान उंची किती ठेवायची हे लिहिलं असतं तर निम्मी भांडणं पोलिस ठाण्यापर्यंत गेलीच नसती. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी मांडला, तेव्हा हे चित्र पुढेमागे बदलू शकतं.

आता समजा, रागाच्या भरात गोफण फिरलीच. पुढे काय?

दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान करणं याला भारतीय न्याय संहितेत आगळीक म्हटलंय, कलम ३२४. शिक्षा नुकसानीच्या रकमेनुसार चढत जाते. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुकसान २० हजार ते १ लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत. १ लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. बरा कॅमेरा-ड्रोन २० हजाराच्या वरच असतो. फवारणीच्या ड्रोनचं तर बोलायलाच नको: 'नमो ड्रोन दीदी' योजनेत बचत गटांना ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान मिळतं, यावरून किमतीचा अंदाज घ्या. तो पाडला की थेट पाच वर्षांच्या कलमात. उलट ड्रोनवाल्याने नियम मोडल्याबद्दल ड्रोन नियमांखालचा दंड जास्तीत जास्त १ लाख. म्हणजे भांडण ज्याने सुरू केलं त्याच्यापेक्षा ज्याने संपवलं तो जास्त अडकतो.

बंदुकीचा विचारही करू नका. पीक संरक्षणाचा परवाना असला तरी तो रानडुकरासारख्या जनावरांपासून पीक राखण्यासाठी असतो. माणसांच्या जिवाला धोका होईल असा बेफिकीर गोळीबार केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर झाडलेली गोळी कुठे तरी खाली येतेच. आणि ज्यांना हे सगळं गावंढळ वाटतं ते ऑनलाइन जॅमर शोधतात. सिग्नल तोडला, ड्रोन आपोआप खाली, हाताला माती नाही! खासगी माणसाने जॅमर बाळगणं आणि वापरणं मुळातच बेकायदा आहे, त्याची मुभा सरकारने परवानगी दिलेल्या यंत्रणांनाच असते. जॅमरने ड्रोनबरोबर आसपासच्या मोबाईलचाही संपर्क तुटू शकतो, हे वेगळंच.

पाडलेला ड्रोन पडतो कुठे, याचा विचार दगड मारताना कुणी करत नाही. ३० मीटरवरून सुटलेली वस्तू, हवेचा अडथळा धरला नाही तर, जमिनीपर्यंत येताना ताशी ८७ किलोमीटरच्या वेगाला पोचते. एक-दीड किलोचा ड्रोन त्या वेगाने बाईच्या डोक्यात किंवा रस्त्यावरच्या दुचाकीवाल्यावर आला तर बेदरकार कृत्याने जीव धोक्यात घातल्याचं कलम १२५ लागतं, आणि कुणी दगावलं तर निष्काळजीपणे मृत्यूला कारण झाल्याचं १०६. लिथियमची बॅटरी आपटून फुटली तर पेट घेते. शेजारी वाळलेल्या कडब्याची गंज असेल तर पुढचं सांगायला नको.

"मग स्वसंरक्षणाचा हक्क कुठे गेला?" हा प्रश्न रास्त आहे. तो हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि मालमत्तेसाठीसुद्धा आहे. पण त्याची यादी ठरलेली आहे: चोरी, जबरी चोरी, आगळीक आणि फौजदारी अतिक्रमण, किंवा यांचा प्रयत्न. फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरण्याभोवती बेतलेली आहे, आणि त्यातही गुन्हा करायचा, धमकावायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा इरादा लागतो. वरून जाणारा ड्रोन त्यात बसवणं वकिलाला जड जाईल. शिवाय दोन अटी आहेतच. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. दारात आडवी गाडी लावली म्हणून आपण तिची काच फोडत नाही, शिव्या घालतो आणि टोईंगवाल्याला फोन करतो. इथेही कायद्याची अपेक्षा तेवढीच आहे. ड्रोन खरोखर अंगावर येत असेल, लेकराच्या तोंडावर पाती फिरत असतील, तर काठीने बाजूला ढकलणं वेगळं. तिथे जीव वाचवणं आहे, राग काढणं नाही.

या मुद्द्यावर व्हॉट्सअॅपवर अमेरिकेतली एक गोष्ट फिरत असते: एका बापाने शॉटगनने ड्रोन पाडला आणि कोर्टाने त्याला सोडलं. घटना खरी आहे, केंटकी राज्यातली, २०१५ ची. तिथल्या स्थानिक न्यायाधीशांनी आरोप काढून टाकले. पण त्याच देशाची विमान वाहतूक यंत्रणा ड्रोनला विमान मानते आणि विमानाचं नुकसान करणं हा तिथे केंद्रीय गुन्हा आहे. एका तालुक्याच्या कोर्टाने एकाला सोडलं म्हणून तिथेही रान मोकळं झालं नाही, मग इथे सोलापुरात तो दाखला कोण ऐकणार?

तुमच्या बाजूने काय आहे, ते आता पाहू. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. रोजच्या वापराची कलमं मात्र न्याय संहितेत आहेत. स्त्री खासगी क्षणात असताना तिला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं, कलम ७७, पहिल्यांदा एक ते तीन वर्षं. तिच्या शीलाचा अपमान करण्याच्या इराद्याने तिच्या खासगीपणात घुसणं, कलम ७९, तीन वर्षांपर्यंत. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचं चित्रण करण्याविरुद्धचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई कलम बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे. अडचण अशी की अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बाईचं वरून शूटिंग केलं, तर ७७ सहज लागत नाही, कारण त्या कलमातल्या 'खासगी कृती'ची व्याख्या अरुंद आहे. मग ७९ मध्ये इरादा सिद्ध करावा लागतो. एकदा वरून गेला म्हणून इरादा दिसत नाही. रोज संध्याकाळी त्याच खिडकीसमोर येतो म्हटल्यावर दिसतो.

म्हणून पुरावा. दगड मारून ड्रोनचा चुरा केला की सगळ्यात आधी काय जातं? तुमचाच पुरावा. त्याच्या मेमरी कार्डात काय शूट केलं ते असतं. तो कुठून उडाला, किती उंचीवर किती वेळ थांबला, याची नोंद ड्रोनमध्ये आणि उडवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये राहते. पोलिसांनी ते जप्त केलं तर बचावाला फारसं काही उरत नाही. तुम्ही खालून मोबाईलवर शूटिंग करा, पण नुसत्या आभाळाचं नको. पाण्याची टाकी, विजेचा खांब, गच्चीचा कठडा काही तरी चौकटीत येऊ द्या, म्हणजे उंचीचा अंदाज लावता येतो. तारीख-वेळ लिहून ठेवा. आणि ड्रोन परत कुठे उतरतो ते पाहायला एखाद्याला पिटाळा, कारण बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास संपते आणि तो धन्याकडेच जातो. मग ११२ ला फोन, किंवा लेखी तक्रार. शहरात असाल तर पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीतलं ठाणं, बाहेर असाल तर ग्रामीण पोलिसांचं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, गुन्हा दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिस तपास करू शकतील असा असेल, तर शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) नोंदवावा लागतो. वारी, मोठी यात्रा किंवा बड्या नेत्याचा दौरा असेल तेव्हा ड्रोनबंदीचा आदेश बऱ्याचदा निघतो, आणि तो लागू असताना उडवणं हाच गुन्हा ठरतो. वारंवार त्रास देणारा शेजारीच असेल तर दिवाणी न्यायालयातून कायमचा मनाई हुकूमही मागता येतो.

दर वेळी वर दिसणारा ड्रोन खासगीच असेल असंही नाही. गावठाणाची मोजणी स्वामित्व योजनेत ड्रोननेच झाली, पंढरपुरात गर्दीवर नजर ठेवायला पोलिस ड्रोन वापरतात. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यात आणि लगतच्या भागात रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने गावंच्या गावं जागी होती. अशा वेळी सरकारी ड्रोनवर दगड पडला तर आगळिकीबरोबर शासकीय कामात अडथळाही अंगाशी येतो.

द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. कॅमेऱ्याने पीक मरत नाही, फवारणीने मरतं. शेजारच्या उसात २,४-डी सारखं तणनाशक ड्रोनने मारलं आणि वारा फिरला तर द्राक्षाची पानं वेडीवाकडी होतात, घडावरही परिणाम होतो. हे तुमच्या मालमत्तेचं सरळ नुकसान आहे. तरी ड्रोन पाडून गेलेला फवारा परत येत नाही. फवारणी थांबवायला सांगा, वाऱ्याची दिशा दिसेल असं शूटिंग करा, त्याच दिवशी कृषी सहायक आणि तलाठ्याला कळवून पंचनामा मागा. पानांवरची लक्षणं दिसायला काही दिवस जातात, तेव्हा फोटो एकदाच काढून थांबू नका. नॅनो सोडून बाकी ड्रोनला तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे, आणि भरपाईला मोटार वाहन कायद्यातल्या तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह लागू होतात. म्हणजे शेजाऱ्याशी जन्माचं वैर धरण्याआधी त्याची, किंवा भाड्याने ड्रोन आणणाऱ्याची, विमा पॉलिसी विचारा. आपल्याकडे मोटारीच्या अपघातात विम्याचं नाव पहिल्यांदा निघतं, ड्रोनच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

राहिला आपोआप पडलेला ड्रोन. बॅटरी संपली, तार लागली, आणि तो तुमच्या उसात येऊन पडला. तो तुमचा होत नाही. सापडलेली वस्तू सांभाळण्याची जबाबदारी कायदा सापडणाऱ्यावर टाकतो, आणि लबाडीने ठेवून घेतली तर कलम ३१४ खाली सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. ड्रोनवाल्यालाही न विचारता पीक तुडवत आत शिरायचा हक्क नाही. त्याला बांधावर थांबवा, ड्रोनचे आणि मोडलेल्या पिकाचे फोटो घ्या, ओळख क्रमांक टिपून ठेवा. बॅटरी फुगलेली किंवा धूर येणारी असेल तर हात लावू नका, कडबा तेवढा लांब सरकवा. कार्ड काढून आत काय आहे ते बघायचा मोह आवरा, नाहीतर पुराव्यात तुम्हीच ढवळाढवळ केली असं समोरचा वकील म्हणेल. नुकसान किरकोळ आणि माणूस ओळखीचा असेल तर चहा पाजून देऊन टाका. संशय असेल तर ठाण्यात जमा करा आणि पोच घ्यायला विसरू नका.